मांजराला आंघोळ कशाला?

चतुर्थी जवळ आली की आमच्या घरात साफसफाईचे वारे सुटते आणि त्यात मांजरही सापडते. "तिलाही न्हाऊ घाला," असा हुकूम होतो. माझे मत विचाराल तर धडधाकट मांजराला आंघोळ लागतच नाही. जागेपणीचा बराच वेळ ते स्वतःला चाटून साफ करण्यात घालवते. इतक्या निष्ठेने काम करणारे आमच्या कार्यालयात मी कोणी पाहिले नाही. (मीही त्यात आलोच.)

पण चिखलात लोळले, अंगाला तेल लागले, तर नाइलाज. टबात चार बोटे कोमट पाणी घ्यावे, तळाशी जुना टॉवेल घालावा. पाय घसरले की मांजर जास्तच बिथरते. पाणी तांब्याने मानेखालीच ओतावे. तोंड ओल्या फडक्याने पुसावे, कानात थेंब नको. माणसांचा शाम्पूही नको.

आणि ते झाकणभर जंतुनाशक तर मुळीच नको! दोन वर्षांपूर्वी मी ते घातले होते. पाणी पांढरे झाले, मलाच बरे वाटले. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. फिनॉलच्या जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगावरचे सगळे ते चाटून पोटात घेते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते, त्यानेही मांजराचा जीव जाऊ शकतो.

आमची वाचली. यंदा चतुर्थीला तिला फक्त ब्रशाने विंचरणार आहे, घरात कोणी काहीही म्हणो.