अ‍ॅनिमेशनच्या फीमध्ये न दिसणारा खर्च

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं, तरी हाताने काढलेल्या मिनिटभराच्या फिल्मला ७२० चित्रं लागतात. प्रत्येकी दहाच मिनिटं धरली तरी १२० तास झाले, आणि त्यात पटकथा, रंग, ध्वनी आलेच नाहीत. मुंबईत अ‍ॅनिमेशन शिकायला जाणाऱ्या तळोज्यातल्या विद्यार्थ्याने हे तास आणायचे कुठून? नोव्हेंबर २०२३ पासून तळोज्याजवळच्या पेंधरपासून बेलापूरपर्यंत मेट्रो धावते, ही मोठीच सोय. पण पुढे सीएसएमटीपर्यंत लोकलचा तासाहून अधिक प्रवास उरतोच. म्हणून रात्रीचं काम घरच्या संगणकावर करायचं, आणि ग्राफिक्स कार्ड असलेला तसा संगणक घ्यायला कामगार कुटुंबाला बहुधा कर्जच काढावं लागतं. फीच्या पावतीत हा खर्च दिसत नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या हिशेबातही तो सहज सुटतो.

ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, मग अडचण कसली, असं कुणी म्हणेल. सॉफ्टवेअर फुकट आहे हे खरंच, पण ते चालवणारं यंत्र फुकट नाही. कलेत कष्ट असणारच, हेही मान्य. मात्र चित्र सुधारण्यात गेलेली रात्र शिकवते. मंद संगणकासमोर रेंडर होण्याची वाट पाहण्यात गेलेली रात्र काहीच शिकवत नाही. राज्याने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं आहे. त्यातला काही पैसा खारघर-पनवेलमध्ये रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या सार्वजनिक संगणक-प्रयोगशाळांवर आधी खर्च व्हावा.