हृदयरोग, मधुमेहावर ‘एक्झोसोम’चा उतारा? पुरावा अजून प्रयोगशाळेतच

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाने मांडला. चेन्नईतील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने समन्वयिलेल्या या अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. गुम्मिडिपूंडीसारख्या, गावे आणि कारखाने एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यात ही दरी किती काळ टिकेल, हा प्रश्नच आहे.

अशा रुग्णांना हृदयविकाराचाही धोका अधिक असल्याने पेशीबाह्य पुटिकांकडे आशेने पाहिले जाते. पेशी बाहेर सोडत असलेल्या या सूक्ष्म पिशव्या प्रथिने व आरएनए दुसऱ्या पेशींपर्यंत पोहोचवतात. त्यांतील एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे असतात. मूलपेशींपासून मिळवलेल्या एक्झोसोममुळे उंदरांच्या हृदयाची हानी घटल्याचे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले.

मात्र शिरेतून दिलेल्या पुटिका बहुतांशी यकृत व प्लीहेतच अडकतात. हृदयापर्यंत थोड्याच पोहोचतात. शिवाय प्रत्येक खेपेचा माल सारखाच निघेल, याची खात्री देणे कठीण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, नेब्रास्कातील रुग्णांना अपाय झाल्यानंतर, एक्झोसोमचे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नसल्याचे बजावले होते. तरीही जाहिराती थांबलेल्या नाहीत. मधुमेह्याने त्यांच्या भरवशावर चालू औषधे सोडणे धोक्याचेच.