बोपण्णाचे यश नशिबाचे नव्हे

मा. संपादक,


टेनिसपटू रोहन बोपण्णा ४३व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला आला तो नशिबाने आणि जोडीदार मॅथ्यू एब्डेनच्या जिवावर, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर वस्तुस्थितीला धरून नाही. २०१०मध्ये तो ऐसाम कुरेशीसोबत अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत होता, २०१३मध्ये क्रमवारीत तिसरा होता, २०१७मध्ये त्याने फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. याला अचानक उगवणे म्हणत नाहीत. एकेरीतले बडे खेळाडू दुहेरीकडे फिरकत नाहीत हे खरे. पण ते २०१०मध्येही फारसे फिरकत नव्हते, मग तेव्हाच त्याला पहिला क्रमांक का मिळाला नाही? दुहेरीचे कसबच वेगळे. सर्व्हिस परतवताना चेंडू जाळ्याकडे धावणाऱ्याच्या पायांशी टाकायचा, जोडीदाराच्या सर्व्हिसवर आडवे झेपावून परतीचा चेंडू मधेच टिपायचा. २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात बोपण्णा-एब्डेन जोडीने याच कसबावर टायब्रेक ७-० असा घेतला. गुडघ्यांतली कूर्चा झिजल्यावर बोपण्णाने अय्यंगार योगाचा आधार घेतला, याचा लेखात उल्लेखही नाही. माझ्या मते उतारवयातल्या या चढाईचे मोठे कारण तिथेच आहे. ही दुरुस्ती कृपया छापावी.

आपला,
एक वाचक, पुणे