कायदा गेला, शिक्का राहिला

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कैद्यांना जातीनुसार कामे वाटण्याची प्रथा घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींच्या लोकांना 'सराईत गुन्हेगार' मानण्यास वाव होता. तो न्यायालयाने बंद केला आणि या जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, याची दक्षता घेण्यास पोलिसांना बजावले. जन्माधारित गुन्हेगारीचा कायदा रद्द होऊन सात दशके उलटल्यानंतर ही ताकीद द्यावी लागावी, हे चिंताजनक आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसून समाज नियम करतो, ते विशिष्ट माणसांना लावतो आणि त्यांना 'बाहेरचे' ठरवतो, त्यातून ते जन्मते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धांताचे भारताइतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे जातिव्यवस्थेवर बेतलेले तर्कट त्यामागे होते. पुढे तो देशभर विस्तारला. नोंद झालेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. परवान्याविना ठरावीक हद्द ओलांडणे हाच गुन्हा होता. म्हणजे भटकंतीवर जगणाऱ्याने पोटासाठी पाऊल उचलले, की तो गुन्हेगार ठरे. ज्या नोंदींच्या आधारे जमातीला गुन्हेगार म्हटले जाई, त्यांत कायदा स्वतःच भर घालत होता. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट वसवण्यात आली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. मात्र राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. त्यांचा आधार जन्म नसून व्यक्तीला झालेल्या शिक्षा हा आहे. कागदावर हा फरक मूलभूत आहे. परंतु संशय आधी ज्या वस्तीवर जातो, तेथूनच अटका होतात आणि अटकांचे आकडे पुन्हा संशयाला पुरावा पुरवतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने हे जग १९८७ मध्ये मराठी वाचकांपुढे आतून उलगडले.

ज्याच्या घरी चोरी होते, त्याचे नुकसान खरेच असते. गुन्ह्याचा तपास व्हायलाच हवा. प्रश्न तपास कोठून सुरू होतो, हा आहे. पुराव्यापासून सुरू झाला तर तो कायद्याचा अंमल, आडनावापासून सुरू झाला तर ती १८७१ ची पुनरावृत्ती.

बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये, तर भिकू इदाते आयोगाने त्यानंतरच्या दशकात या समाजांच्या स्थितीवर अहवाल दिले. जातीचा दाखला, राहण्याचा पक्का पत्ता आणि शाळा या साध्या गोष्टींअभावी शिक्का पुसला जात नाही. नियमभंग करणाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार समाजाला आहे. नियमभंग होण्याआधीच माणूस निवडून ठेवण्याचा नाही.