पैजेचा बाजार

पैज हा शब्द आपल्या वाचकांस नवा नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीवर किंवा गावच्या मैदानावरील फुटबॉलच्या सामन्यावर चार पैसे लावणारे लोक आपल्या वाडवडिलांनीही पाहिले होते. नवा आहे तो पैजेने अलीकडे पांघरलेला व्यापाराचा अंगरखा. मोबाइलवरून नजर न काढता घरचा तरुण सांगतो, "हा जुगार नव्हे, बाबा, हे ट्रेडिंग आहे. कोण जिंकतो याच्याशी मला कर्तव्य नाही. भाव चढा असताना लावायचे, उतरला की उलट बाजू घ्यायची. मधला फरक आपला." तो कागदावर हिशेब मांडूनही दाखवितो आणि त्या हिशेबात चूक सापडत नाही. बापास उत्तर सुचत नाही. त्या बापासाठी आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

हा बाजार मूळचा ब्रिटनमधला. तेथे १९६० च्या कायद्यान्वये १९६१ च्या मे महिन्यापासून पैजा घेणारी अधिकृत दुकाने उघडली. बुकीने भाव ठरवायचा आणि गिऱ्हाइकाने तो मुकाट्याने पत्करायचा, अशी त्या दुकानांची रीत होती. २००० सालच्या जूनमध्ये अँड्र्यू ब्लॅक व एडवर्ड रे या दोघांनी 'बेटफेअर' नावाची पेढी इंटरनेटवर सुरू केली आणि ही रीत उलटी केली. बुकी मेला असे जगास कळविण्यासाठी त्यांनी लंडनच्या रस्त्यांतून शवपेटीची लुटुपुटीची अंत्ययात्राही काढली.

अशा पेढीस तिकडे बेटिंग एक्सचेंज म्हणतात. तेथे पेढीवाला स्वतः पैज घेत नाही. बाजार समितीच्या आवारात अडत्या जसा शेतकऱ्याची व खरेदीदाराची गाठ घालून आपली अडत घेतो, तसा हा दोन अनोळखी माणसांची गाठ घालतो. एकजण म्हणतो, हा घोडा जिंकेल. दुसरा म्हणतो, जिंकणार नाही. आपल्याकडील सट्टेवाले या दोन बाजूंस 'लगाई' व 'खाई' म्हणतात. दोघांची रक्कम निकालापर्यंत पेढीकडे अडकून राहते आणि जिंकणाऱ्याच्या नफ्यातून पेढी आपला वाटा कापून घेते.

आता तरुणाचा हिशेब पाहू. समजा, एका घोड्याचा भाव ६ आहे. म्हणजे एक पौंड लावणाऱ्यास, घोडा जिंकल्यास, स्वतःच्या पौंडासह सहा पौंड मिळतात. आपल्या तरुणाने त्यावर १०० पौंड लावले. शर्यतीपूर्वी त्या घोड्यास मागणी वाढली व भाव ५ वर उतरला. तेव्हा त्याने त्याच घोड्याविरुद्ध १२० पौंडांची पैज खाल्ली. घोडा जिंकला, तर पहिल्या पैजेचे ५०० पौंड मिळतात व दुसरीचे ४८० द्यावे लागतात. घोडा हरला, तर पहिलीचे १०० जातात व दुसरीचे १२० येतात. दोन्हीकडून २० पौंड शिल्लक! पेढीने पाच टक्के कापले, तरी १९ उरतात. येथवर तरुणाचे म्हणणे खरे आहे.

परंतु भाव ५ वर उतरण्याऐवजी ८ वर चढला तर? तोटा आवरण्यासाठी त्यास ७५ पौंडांची पैज खावी लागते, आणि मग घोडा जिंको वा हरो, २५ पौंड हातचे जातात. म्हणजे घोड्यावरची पैज सुटली, तरी भावावरची पैज राहिलीच. आणि तोटा पत्करवत नाही म्हणून तो ती उलट बाजू घेण्याचे टाळतो, तेव्हा ज्या जुगारापासून आपण दूर आहोत असे तो म्हणत होता, त्याच जुगारात पुन्हा सापडतो.

मग हा व्यापार खरा का नव्हे? काजूचा व्यापारी बागाइतदाराकडून बी घेतो व कारखान्यास विकतो. बागाइतदाराचा माल खपतो, कारखाना चालतो, मजुरास काम मिळते. व्यापाऱ्याच्या नफ्यामागे कोणाची तरी गरज भागलेली असते. पैजेच्या बाजारात काही पिकत नाही आणि कोणाचे काही भागत नाही. तेथे एकाच्या खिशात आलेला प्रत्येक पैसा दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो, आणि पेढीचा वाटा वजा झाल्यामुळे जिंकणाऱ्यांस मिळालेली बेरीज हरणाऱ्यांनी गमावलेल्या बेरजेहून नेहमीच कमी भरते. सातत्याने कमावणारे मूठभर लोक असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बेटफेअरने २००८ साली अशांवर जादा आकारणी बसविली आणि २०११ साली त्यांतील सर्वांत यशस्वी गिऱ्हाइकांसाठी ती नफ्याच्या साठ टक्क्यांपर्यंत नेली.

समोर कोण बसले आहे, हेही तरुणास दिसत नाही. कित्येकदा तेथे माणूस नसून डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पैज लावणारे यंत्र असते. २०११ च्या डिसेंबरची २८ तारीख. आयर्लंडमधील लेपर्ड्सटाउनच्या मैदानावर 'व्होलेर ला व्हेदेत' ही घोडी शर्यत जिंकण्याच्या बेतात असतानाही तिच्याविरुद्ध एकास अठ्ठावीस या भावाने प्रचंड रकमेच्या पैजा खाल्ल्या जात होत्या. त्यांपायी सुमारे ६० कोटी पौंड द्यावे लागले असते. एका गिऱ्हाइकाच्या यंत्राने व पेढीच्या व्यवस्थेतील दोषाने हा घोळ झाला, असे पेढीने सांगितले, आणि त्या पैजा रद्द केल्या. टेनिसची गोष्टही तशीच. दूरचित्रवाणीवरील चित्र काही क्षण मागे असते. म्हणून काही लोक प्रत्यक्ष मैदानात बसून गुण पडताच बाहेर कळवितात. २०१४ साली ऑस्ट्रेलियात एका इसमास यासाठी अटकही झाली, पुढे आरोप मागे घेण्यात आले. अशा लोकांसमोर आपला तरुण ओट्यावर मोबाइल घेऊन बसला आहे!

याहून वाईट गोष्ट ती 'खाई'. पूर्वी सामान्य माणसास जिंकण्यावरच पैसा लावता येई; आता हरण्यावरही नफा मिळू लागला. घोडा हरवणे जिंकवण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. म्हणून ब्रिटनच्या घोडेशर्यतीच्या नियमांत मालकास व प्रशिक्षकास स्वतःच्या घोड्याविरुद्ध पैज घेण्याची मनाई करावी लागली. ज्या बाजाराची राखण करण्यास असा नियम लागतो, त्याचे वळण कोणते हे सांगावयास नको.

तथापि ब्रिटनमध्ये निदान परवाना आहे, देखरेख करणारा आयोग आहे. आपल्याकडे हाच खेळ चोरवाटेने येतो. ओळखीचा माणूस 'आयडी' देतो, पैसे रोख किंवा दुसऱ्याच्याच खात्यावर फिरतात, आणि मोबाइलवर त्याच दोन बाजूंचे भाव झळकू लागतात. तिकडे गाठी असतील तेवढेच पैसे लावता येतात; इकडे बुकी उधारीवरही खेळू देतो. मग वसुलीस माणसे दारात येतात, तेव्हा घरच्यांस प्रथम कळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. फसलेला मनुष्य पोलिसांकडे जावयास धजत नाही. कारण तक्रार करावयाची तर स्वतःचा खेळही सांगावा लागतो.

येथे कोणी विचारील, "मग सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणात चालणारी हाउजी ती काय?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाने (कलम २४१३) नशिबाचे खेळ व पैजा यांस मुळातच अन्याय ठरविलेले नाही. माणसाच्या स्वतःच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते अनीतीचे होतात, आणि खेळाचा हव्यास माणसास गुलाम करू शकतो, असे तो बजावतो. हाउजीचे तिकीट किती रुपयांचे हे सर्वांस ठाऊक असते, खेळ दिवेलागणीनंतर तासाभरात आटोपतो आणि शेजारी शेजाऱ्याच्या देखत हरतो. पैजेच्या बाजारास ना मर्यादा, ना रात्र, ना शेजारी. तथापि हाउजीतही कोणी घरखर्चाचे पैसे उडवू लागला, तर त्यास हेच माप लागू आहे.

तेव्हा, घरधन्यांनो, पोराशी भावाच्या आकड्यांवर वाद घालू नका. त्यात तो तुम्हांस हरवील. त्यास तीनच गोष्टी विचारा. हा पैसा कोणाच्या खिशातून आला? आजवरची सारी बेरीज, नफ्याची नव्हे, नफातोट्याची, किती? आणि ही वही तू आईस दाखवशील का? पहिल्या प्रश्नास तो कदाचित हसेल. तिसऱ्याशी अडखळला, तर रागावू नका, बाहेर वाच्यता करू नका. त्याच्याजवळ बसा आणि कर्ज किती झाले ते शांतपणे विचारा. दहा हजारांवर सांगितलेले कर्ज फेडता येते. लाजेपोटी लपविलेले पाच लाखांवर जाते आणि शेत घेऊन जाते.

राहिली बुकीच्या त्या शवपेटीची गोष्ट. २०१६ साली बेटफेअर ही पॅडी पॉवर या बुकीच्याच कंपनीत विलीन झाली. बुकी मेला नव्हता, त्याने केवळ कपडे बदलले होते.