गायकवृंदाची सुट्टी

जून महिना लागला की आपल्याकडे छत्र्या माळ्यावरून खाली येतात आणि घरोघरी दप्तरे, वह्या, कव्हरे यांची गडबड उडते. अमेरिकेत नेमके याच्या उलट. तिथे जूनमध्ये शाळा सुटतात आणि शाळांबरोबर सुटतो तो चर्चमधला गायकवृंद. एपिस्कोपल पंथाच्या कितीतरी मंडळ्यांत जूनच्या सुमारास एका रविवारी हा निरोपाचा सोहळा होतो. उपासना संपली की गायक मंडळी आपापले लांब झगे उतरवून न्याहाळतात. कुणाच्या झग्याची शिवण उसवलेली असते, कुणाच्या बाहीवर मेणबत्तीचा डाग पडलेला असतो. धुवायचे ते वेगळे काढून बाकीचे कपाटात टांगले जातात. मग बाहेर हिरवळीवर घरून आणलेल्या पदार्थांची अंगतपंगत होते आणि "लेबर डे झाला की भेटू" असे म्हणून सगळे पांगतात. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, कामगारांच्या सन्मानाची सुट्टी. अमेरिकन माणसाचा उन्हाळा त्या दिवशी संपतो.

वरवर पाहता ही अगदी साधी गोष्ट. पण निरोप घेताना प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतोच. आज गेलेले सगळे सप्टेंबरात परत येतील ना?

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे अमेरिकेतले भावंड. अमेरिकेने ब्रिटिश राजाचे जू झुगारले, तेव्हा राजालाच आपला प्रमुख मानणाऱ्या चर्चमध्ये राहायचे कसे, असा पेच तिथल्या मंडळींना पडला. त्यातून 1789 साली या चर्चने आपली स्वतंत्र घडी बसवली आणि आपले प्रार्थनेचे पुस्तकही मंजूर केले. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल 1718 साली उघडले तेही याच अँग्लिकन घराण्यातले. पुढे 1970 साली ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले. आजही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि एपिस्कोपल चर्च यांचे नाते जवळचे आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचे एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब अमेरिकेत गेले, तर या उपासनेत त्याला फारसे परके वाटत नाही.

प्रत्येक मंडळीचा कारभार 'व्हेस्ट्री' नावाची निवडून दिलेली पंचमंडळी पाहते आणि मुख्य पाळकाला 'रेक्टर' म्हणतात. स्त्रियांनाही पाळक होता यावे असा निर्णय 1976 साली झाला. तेव्हापासून अनेक ठिकाणी रेक्टरच्या खुर्चीत बाई बसलेल्या दिसतात.

गुरुवारची तालीम

या पंथात संगीताला फार मान आहे. प्रार्थना गाऊन म्हणायच्या, स्तोत्रे गाऊन म्हणायची, प्रभुभोजनाच्या वेळीही गायचे. 1982 च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या गीतसंग्रहात 720 गीते आहेत. मोठ्या शहरांतील श्रीमंत चर्चमध्ये पगारी गायक असतात. पण गावोगावच्या मंडळ्यांत गातात ते हौशी लोक. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली परिचारिका, निवृत्त पोस्टमास्तर, कॉलेजात जाणारा एखादा मुलगा. पगारी असतो तो बहुधा एकटा ऑर्गनवादक, आणि तोच गायकवृंदाचा गुरुजीही असतो. आठवड्यातून एका संध्याकाळी, बहुतेक ठिकाणी बुधवारी किंवा गुरुवारी, दिवसभराचे काम आटोपून ही मंडळी जमतात. उंच आणि खालच्या पट्टीतले स्त्रीस्वर, उंच आणि खर्जातले पुरुषस्वर असे चार गट करून दोन तास घासूनपुसून तालीम करतात.

आपल्याकडच्या भजनी मंडळाची आठवण व्हावी असेच हे चित्र. तिथेही कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाची सून बाळंतीण असते, कुणाचा नवरा नुकताच गेलेला असतो. तालीम संपल्यावर या गोष्टी निघतात. एखादा गायक दोन गुरुवार दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दाराशी कुणीतरी सूपाचे भांडे घेऊन उभे राहते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हा आधार किती मोठा असतो, हे वेगळे सांगायला नको.

पंखे आणि लिंबूसरबत

उन्हाळ्यात हे सारे सैलावते. एरवी रविवारी दोन उपासना होतात, त्यांच्या जागी अनेक ठिकाणी एकच होते आणि तीही उन्हे तापायच्या आत. जुन्या दगडी चर्चमध्ये वातानुकूलनाची सोय नसते. मग छतावरचे पंखे घरघरतात आणि बाकांवरून हातपंखे हलत असतात. पूर्वी अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या दुकानांकडून पुठ्ठ्याचे असे पंखे चर्चना फुकट मिळत. मागे दुकानाची जाहिरात छापलेली असे. वारा घेता घेता शेवटची सोयही डोळ्यांसमोर!

गायकवृंद नसला म्हणून गाणे थांबत नाही. "अर्धा तास लवकर या, येईल ते गाऊ" अशी सूचना वहीवजा पत्रकात छापली जाते. एरवी गाण्याला बुजणारे लोकही त्या दिवशी पुढे येतात. सुट्टीत घरी आलेली एखादी मुलगी व्हायोलिन वाजवते, कुणी आजोबा चाळीस वर्षांनी बासरीचा डबा उघडतात. काही ठिकाणी एखाद्या रविवारी गीतांची फर्माईश असते. ज्याने हात वर केला त्याने गीताचा क्रमांक सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून ते गायचे. तेव्हा लोक आपल्या लग्नातले, आईच्या अंत्यविधीतले, बालपणातले गीत मागतात. उपासनेनंतरच्या कॉफीची जागा लिंबूसरबत घेते आणि गप्पा झाडाखाली रंगतात.

उन्हाळ्याचा खरा त्रास होतो तो ऑर्गनला. या वाद्यात शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि साध्या नळ्यांचा सूर चढतो. दहा अंश सेल्सिअसने तापमान वाढले, तर हा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका वर जातो. पण ज्या नळ्यांत पितळेची पट्टी थरथरून आवाज निघतो, त्यांचा सूर जवळपास जागच्या जागी राहतो. म्हणजे एकाच वाद्यातली दोन घराणी एकमेकांशी भांडू लागतात. त्यात दमट हवेने लाकूड फुगले, तर एखादी पट्टी दाबलेली नसतानाही सूर वाजतच राहतो. पावसाळ्यात तबल्याची शाई आणि तानपुऱ्याच्या तारा यांनी ज्यांना रडवले आहे, त्यांना या ऑर्गनवादकाचे दुःख चटकन कळेल.

गाव भरते तेव्हा

समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावांत मात्र सगळे उलटे घडते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यापलीकडे मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथे बारमाही राहणारे लोक सुमारे वीस हजार. उन्हाळ्यात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. शहरातल्या चर्चमधले बाक जेव्हा ओस पडतात, तेव्हा इथले बाक भरतात. व्हिनयार्ड हेवन या गावातल्या ग्रेस चर्चमध्ये उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी लॉबस्टर रोल, म्हणजे पावात भरलेला शेवंडा विकतात. तो घ्यायला रांग लागते. करणारे आणि वाढणारे सगळे मंडळीतलेच स्वयंसेवक, आणि मिळालेला पैसा चर्चच्या कामाला जातो.

याच बेटावर एडगरटाउन येथे सेंट अँड्र्यूज नावाचे एपिस्कोपल चर्च आहे. 2022 सालचा लेबर डे होऊन नऊच दिवस झाले होते. पाहुणे परतले होते, हॉटेलांची दारे बंद होऊ लागली होती. 14 सप्टेंबरला टेक्सासहून निघालेली दोन विमाने बेटावर उतरली. त्यांत आश्रय मागायला अमेरिकेत आलेले जवळजवळ पन्नास लोक होते. बहुतेक व्हेनेझुएलाचे, आणि काहींबरोबर लहान मुले. स्थलांतरितांच्या प्रश्नावरील राजकीय वादातून फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी त्यांना तिथे पाठवले होते. बेटावर कुणालाही पूर्वकल्पना नव्हती.

सेंट अँड्र्यूज चर्चच्या इमारतीत हिवाळ्यात बेघरांना निवारा दिला जात असे. त्यामुळे खाटा होत्या, स्वयंपाकघर होते. लोक पांघरुणे, कपडे, खेळणी, जेवणाची भांडी घेऊन धावले. बेटावरच्या हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिकणारी मुले दुभाषी म्हणून आली. दोन रात्री तिथे काढून हे लोक मुख्य भूमीवरच्या लष्करी तळावर हलवण्यात आले. राजकारण्यांचे वाद पुढे चालूच राहिले. पण सुट्टीच्या गावात, सुट्टी संपल्यावरही, दार ठोठावणाऱ्याला आत घेणारे कुणीतरी जागे होते, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. एकत्र गाणारी, एकत्र रोल विकणारी माणसे अशा रात्री काय करायचे ते एकमेकांना विचारत बसत नाहीत. त्यांची सवय झालेली असते.

सुट्टीतली शाळा

सगळ्याच गायकांना उन्हाळ्यात आराम हवा असतो असेही नाही. सर सिडनी निकल्सन यांनी 1927 साली इंग्लंडमध्ये चर्चसंगीताची एक संस्था काढली. तीच पुढे रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या पद्धतीची आठवडाभराची शिबिरे अमेरिकेत उन्हाळ्यात भरतात. आठ-नऊ वर्षांची मुले, कॉलेजकुमार आणि मोठी माणसे एका वसतिगृहात राहतात, दिवसभर शिकतात आणि संध्याकाळी गाऊन उपासना करतात. प्रगती होईल तशी मुलांच्या गळ्यातल्या पदकाच्या फितीचा रंग बदलतो. तो रंग मिळवण्यासाठी मुले जिवाचे रान करतात.

काही मंडळ्या त्याहून लांब जातात. इंग्लंडमधल्या मोठ्या कॅथीड्रलचे गायकही उन्हाळ्यात सुट्टीवर असतात. पण तिथली संध्याकाळची गायन-उपासना खंडित होऊन चालत नाही. मग पाहुण्या गायकवृंदांना आठवडाभरासाठी बोलावले जाते, आणि त्यांत अमेरिकेतल्या एपिस्कोपल मंडळ्यांचे हौशी गायक पुष्कळ असतात. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. त्यासाठी वर्षभर केक विकायचे, मोटारी धुवायच्या, मैफली करायच्या. जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. पंधराव्या संध्याकाळच्या वाट्याला सत्तरहून अधिक चरणांचे 78 वे स्तोत्र येते. तारीख ठरवतानाच जाणकार बोटे मोजतात, ती यासाठी!

परक्या भाषेतली चाल आपल्या गळ्यात बसवण्याची ओढ आपल्याकडेही होतीच. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजने अभंग-ओवीच्या वळणावर लिहिली, आणि निकोल मॅकनिकल यांच्या भाषांतरांतून त्यांतली काही इंग्रजी गीतसंग्रहांपर्यंत पोचली. गाण्याचा प्रवास असा दोन्ही दिशांनी चालतो.

मुका उन्हाळा

आणि मग 2020 सालचा उन्हाळा आला. त्या वर्षी 10 मार्चला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. हा वृंद कोणत्याही चर्चचा नव्हता. अडीच तासांच्या त्या तालमीला 61 जण होते. त्यांपैकी 53 जण कोरोनाने आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. गाताना श्वासावाटे रोग किती पसरतो, हे या घटनेने जगाला कळले. एपिस्कोपल चर्चचे दरवाजे मार्चमध्येच बंद झाले होते. पुढे हळूहळू उघडले, तरी गाण्यावर बंदी राहिली. ज्या माणसांना एकत्र आणत होता तोच श्वास आता घातक ठरला. प्रत्येकाने घरात एकट्याने गाऊन ध्वनिमुद्रण पाठवायचे आणि कुणीतरी ते तुकडे जोडायचे, अशी वेळ आली. पुढे कुठे हिरवळीवर, एकमेकांपासून लांब उभे राहून, मुखपट्टी लावून गाणे सुरू झाले.

तेव्हा गेलेले सगळे परतले नाहीत. काही दगावले, काहींना वयाने रात्री गाडी चालवणे जमेना, काहींची सवयच मोडली. मुळात हे चर्च आधीपासूनच ओसरते आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यास त्याचे सुमारे 34 लाख सभासद होते. 2023 साली ते साडेपंधरा लाखांच्या आसपास होते. रविवारची सरासरी उपस्थिती 2019 साली पाच लाखांवर होती. 2023 साली ती चार लाखांच्या घरात होती. लहान मंडळीत चार स्वरगटांपैकी एकात एकच माणूस उरला, तर तो आजारी पडल्या दिवशी गीत बदलावे लागते.

म्हणूनच सप्टेंबरातली पहिली तालीम ऑर्गनवादकाला परीक्षेसारखी वाटते. तो खुर्च्या मांडतो त्या जूनमध्ये होत्या तेवढ्याच. कपाट उघडते. मुले उन्हाळ्यात उंच झालेली असतात, त्यांना मोठे झगे द्यावे लागतात. ज्या मुलाचा आवाज फुटला, तो खर्जाच्या रांगेत जाऊन लाजत बसतो. उन्हाळ्यात फर्माईशीच्या रविवारी भीत भीत गायलेल्या एखाद्या बाई दाराशी येऊन विचारतात, "मला जमेल का हो?" त्यांना झगा दिला जातो. बहुधा तो अशा कुणाचा असतो, जो या वर्षी येणार नाही. कॉलरच्या आतल्या बाजूला जुन्या नावाची पट्टी शिवलेली असते. ती कुणी उसवत नाही. नवीन नाव तिच्या खाली टाचतात आणि तालीम सुरू होते.