आरोग्य : फवारणी आणि आपला श्वास

नाकातून घेतलेली हवा श्वासनलिकेतून दोन्ही फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांत पोचते. या कोशांची भिंत इतकी पातळ असते की प्राणवायू क्षणात रक्तात उतरतो. हवेत विष असेल तर तेही त्याच वाटेने उतरते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या उंचीला आली होती. तुषार थेट नाकातोंडावर येत. प्रोफेनोफॉससारख्या औषधाने श्वासनलिका आखडतात, फुप्फुसांत स्राव साचतो, श्वासाचे स्नायू दुबळे होतात. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवत नाही. ओला झाला तर विष नाकाशीच धरून ठेवतो. कातडीतूनही विष शिरते.

म्हणून फवारणीचा मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत; वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. भगिनींनो, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. मळमळ, खूप घाम, लाळ, अंधूक दिसणे किंवा धाप जाणवताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली घेऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.